डोक्यांचा रकाना

परवा समितीने नवा दर ठरवला.
पहिले वीस घनमीटर स्वस्त,
पुढचे वीस दीडपट,
त्यापुढे जाईल त्याला चौपट.
म्हणजे उधळ्याच्या खिशाला चटका बसेल
आणि रुस्ताकजवळच्या या गावाची मचूळ विहीर
अजून चार उन्हाळे काढेल.
हिशेब चोख होता. मीच मांडला होता.

फोनवर आई विचारते, तिकडे नेमकं करतोस काय?
पाणी जोखतो, म्हणतो.
म्हसळ्यात तिला वाटतं, मुलगा मोठा मुत्सद्दी झाला.
मी तीनशे बारा मीटर वाचतो, बैसांत बिलं फाडतो,
यंत्राची जाळी मिठाने तुंबली की मुहन्नासाहेबांना उठवतो.

पहिली बिलं निघाली.
गावातला सर्वांत मोठा उधळ्या:
मीटर क्रमांक दोनशे सात.
त्याचं तोंड तरी बघावं म्हणून दुपारी गेलो.

पत्र्याची लांब खोली. तीन नळ. एकेचाळीस माणसं.
पिंपावर खडूने नावं, नावापुढे रेघा,
एक रेघ म्हणजे तेलाचा एक डबा, पाच लिटर,
त्यात अंघोळ बसवायची.
कपडे फक्त शुक्रवारी.
उरलेलं फेसाळ पाणी दुधी भोपळ्याच्या वेलाला.
तोफज्जल म्हणाला, वेल आता साबणाला सरावलाय,
आणि एक कोवळा दुधी माझ्या हातात दिला.
मी बिल खिशातच ठेवलं.

परतताना टेकडीवरचा बंगला लागला.
नवरा-बायको, निळा तलाव, भिजलेली हिरवळ,
आणि भिंतीवर ओळीने तीन मीटर,
तिन्ही गुणी बाळं,
एकोणीसच्या पुढे एकही सरकत नाही.

दर नळाला लावला होता मी.
तहान लागते माणसाला.
इतकं साधं, आणि कागदावर दिसलं नव्हतं.

म्हातारा जहरान पूर्वी फलजचं पाणी वाटायचा,
रोवलेल्या काठीची सावली पाहून.
खजुराची बी थुंकत म्हणाला:
फलज गावात शिरतो तिथे पहिली जागा पिण्याची.
तिथे आम्ही काठी रोवलीच नाही.
मग मशीद, मग धुणं, शेवटी खजुरी.
लिलाव व्हायचा तो खजुरीच्या पाळ्यांचा,
त्या पैशात गाळ उपसायचो.
थोडा थांबला.
एकदा चुलतभावासाठी काठी तिरकी रोवली मी.
चाळीस वर्षं झाली. अजून बोलतात.

रात्री मी तक्त्यात एक रकाना आखला: डोकी.
आणि डोक्यामागे आठ घनमीटर पहिल्या दरात.

मुहन्नासाहेबांनी चष्मा वर केला.
नळाला डोकी कुठून आली?
ठेकेदार उद्या साठ सांगेल. बंगलेवाला पाहुणे मोजेल.
तूट पडली तर जाळी तू विकत आणणार?
तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या.
मी म्हटलं, बंगल्याचे तीन मीटर एक धरू, तिथून तूट भरेल.
आणि डोकी?
मोजेन मी, म्हटलं. झोपल्यावर.
चपलांवरून.

ते हसले. मग हसायचे थांबले.
पेन्सिलीने लिही, म्हणाले. सहा महिने.

तर आता रात्रीचे साडेअकरा,
दाराबाहेर मोबाईलच्या उजेडात मी उकिडवा बसलोय,
डावी, उजवी, डावी,
एका जोडीत दोन्ही डाव्याच.
एकदा मोजल्या, ऐंशी. पुन्हा मोजल्या, एक्याऐंशी.
आत कुणीतरी खोकतं, नळ सुटतो,
मी नकळत कान देऊन मोजतो:
चार घोट असतील. नळ घट्ट बंद.

ब्याऐंशीवी सापडली शेवटी,
वेलाच्या काठीला टांगलेली, अंगठा शिवलेली,
दोरा अजून ओला.

एकेचाळीस.